मोटारीची अभिषेकपात्रं

आमच्या सासरच्या मोटारीचे दिवे मी चुलीतली राख आणि चिंच लावून लख्ख घासले, आणि त्यानंतर त्या दिव्यांनी उजेड पाडणं बंद केलं.

लढाईचे दिवस होते, निजामाचं राज्य होतं आणि साखरा या गावी माझं लग्न होऊन जेमतेम आठ महिने झाले होते. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बदली होऊन निघालेल्या एका अंमलदाराकडून ही मोटार घेतली होती. आसपासच्या दहा गावांत दुसरी मोटार नव्हती. पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं, म्हणून ती बहुतेक दिवस गोठ्याशेजारच्या छपरात उभी असे आणि शेजारच्यांची कोंबडी तिच्या मागच्या गादीवर अंडी घालत असे. तरी मामंजी कुणाशीही बोलायला लागले की तिसऱ्या वाक्याला ‘आमची मोटार’ यायचीच. मोटार चालवायला यासीनचाचा होते. मूळचे हिंगोलीचे, पूर्वी कापसाच्या जिनिंगच्या इंजिनावर काम केलेले, शांत गृहस्थ. मामंजी त्यांच्यावर दिवसातून चारदा ओरडायचे आणि ते चारही वेळा ‘जी मालक’ म्हणायचे.

घरात खरी सत्ता सासूबाईंची, आणि सासूबाईंचा जीव भांड्यांत. माझ्या माहेरी भांडं स्वच्छ झालं म्हणजे झालं. इथं त्यात तोंड दिसावं लागे; आणि तोंड दिसलं की सासूबाई म्हणायच्या, “तोंड काय बघून राहिलीस? घास.” आठ महिन्यांत त्यांनी माझ्या एकाही भांड्याला बरं म्हटलेलं नव्हतं. मला रात्री स्वप्नात तांबे दिसायचे.

खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं, अवजारं पूजायची असतात. त्यात मोटारही आली. आदल्या दिवशी यासीनचाचांनी काचा धुवायला म्हणून दिवे उघडले, आतलं सगळं सुटं करून ओसरीवर पोत्यावर मांडलं, आणि तेवढ्यात घरून सांगावा आला म्हणून ते हिंगोलीला निघून गेले. ते पोतं नेमकं माझ्या घासायच्या भांड्यांना लागून होतं. मी बघते तर पोत्यावर वाडग्याएवढ्या दोन खोलगट वाट्या, वरून पांढरट, कडेनं काळपट, आणि तळाला भोक!

आता तळाला भोक असलेलं भांडं बाईमाणसाला एकच माहीत असतं. महादेवाच्या पिंडीवर टांगतात ते अभिषेकपात्र. आमचं घर औंढ्याच्या नागनाथाचं भक्त, आमच्याकडं एकाऐवजी दोन असणार यात मला काही नवल वाटलं नाही. कडेचा काळपटपणा बघून वाटलं, कल्हई उडून राहिली. (जुनी कल्हई पूर्ण घासून काढल्याशिवाय सासूबाई भांडं कल्हईवाल्याच्या हातात देत नसत.) मग मी पदर खोचला. राख लावली, चिंच लावली, नारळाच्या शेंडीनं घासलं, वर विटकरीची पूड लावली. देवाचं भांडं म्हणून ‘नमः शिवाय’ म्हणत दुपारभर घासलं. हळूहळू पांढरं गेलं आणि खालून असं पिवळंधमक पितळ निघालं की ऊन पडलं तर डोळे दिपावेत.

सासूबाई तिथून जाता जाता थांबल्या, त्यांनी त्या वाट्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “हे बराबर झालं.” आठ महिन्यांत पहिल्यांदा! मी त्या रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

संध्याकाळी हे, म्हणजे आमचे यजमान, मोटारीच्या दिव्यातल्या वाट्या शोधत आले. ते औरंगाबादेला शिकायला असायचे आणि सणापुरते घरी आले होते. वाट्या दिव्यांतल्या आहेत हे मला तेव्हा कळलं. मी घाबरले, पण ह्यांनी त्या उन्हाकडे धरून पाहिल्या, “वा, नवीन दिसून राहिल्यात” म्हणाले आणि बसवून टाकल्या. ह्यांचं इंग्रजी चांगलं होतं, मोटारीतलं काही कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पूजा झाली. दिव्यांच्या काचांवर हळदीकुंकवाची भलीमोठी स्वस्तिकं निघाली. दोन दिवसांनी यासीनचाचा परत आले. पूजेचं कुंकू आपण कसं पुसायचं म्हणून त्यांनी काचांना हात लावला नाही. रात्री मोटार निघालीच नाही, त्यामुळे दिव्यांचं काय झालं आहे ते कुणालाच समजलं नाही.

हे दिवाळीला येतो म्हणून औरंगाबादेला परतले आणि पंधरवडा असाच गेला. दिवाळीची अवस दोन दिवसांवर आली आणि गोदावन्संच्या पोटात दुखायला लागलं.

गोदावन्सं माझी नणंद. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी. त्या घरात माझ्याशी हसून बोलणारं माणूस म्हणजे तीच. सासूबाई रागावल्या की ती मला कोठीत बोलवायची आणि मुठीत गुळाचा खडा ठेवायची. सकाळपासून ती कळा देत होती. दिवेलागणीला काशीमावशी, म्हणजे आमची सुईण, हात पुसत बाहेर आली. तिच्या हातून गावातली निम्मी माणसं जन्मली होती. तिचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

“लेकरू पायाळू हाय,” ती मामंजींना म्हणाली. “माह्या हातचं न्हाई हे. आत्ताच्या आत्ता हिंगोलीला डॉक्टरीणबाईकडं न्या, न्हाई तर दोन्ही जातील.”

बैलगाडीनं जायचं तर दुसऱ्या दिवसाची दुपार झाली असती. मोटार होती म्हणून तर मामंजींना धीर होता. सासूबाईंना मोटारीत बसलं की उलट्या व्हायच्या, आणि वन्सं माझा हात सोडेना. म्हणून मागे वन्सं, काशीमावशी आणि मी, पुढे मामंजी आणि यासीनचाचा असे निघालो. सासूबाईंनी चाकाखाली लिंबू ठेवलं. मला म्हणाल्या, “माझी पोरगी तुझ्या हवाली केली.”

यासीनचाचांनी दिव्यांचं बटण दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. शेवटी दिवे लागले की नाही ते बघायला मामंजी खाली उतरले आणि त्यांनी काडी ओढली. दिवे लागलेले होते! चाकापुढं जमिनीवर भाकरीएवढे दोन पिवळे डाग पडले होते.

कुंकवानं असं झालं म्हणून मामंजींनी देवाची क्षमा मागून उपरण्यानं काचा पुसल्या. भाकरीच्या पराती झाल्या. त्यापुढं सरकायला उजेड तयार नव्हता. गाव सुटलं आणि दोन्ही बाजूंनी ज्वारी आली, पुरुषभर उंच, काळी. रस्ता म्हणजे गाडीवाट. यासीनचाचा नाक काचेला लावून मोटार हाकत होते आणि मामंजी ‘डावीकडं घे, उजवीकडं घे’ म्हणत होते. त्यांना दिसत यासीनचाचांपेक्षाही कमी होतं, हे आम्हाला मागं बसून कळत होतं. मी आधी देवाचं नाव घेत होते. मग नुसते डोळे मिटले. मग लक्षात आलं की मिटले काय आणि उघडले काय, एकच.

एकदा अंधार अचानक जास्तच दाट झाला आणि समोरच्या काचेखालून गवत आत आलं. गवत भरलेली गाडी होती. गाडीवान वर झोपला होता आणि बैल आपल्या मनानं घरी निघाले होते. यासीनचाचांनी ब्रेक दाबला तो इतक्या जोरात की मामंजींचा डोक्याचा रुमाल गवतात जाऊन पडला. बैल निघून गेले, रुमालही त्यांच्याबरोबर गेला. वन्संनी त्या धक्क्यानं जी किंकाळी फोडली ती अजून माझ्या कानात आहे.

तिथून पुढं यासीनचाचा दर थोड्या वेळानं थांबायला लागले. त्यांना वाटत होतं, बॅटरी उतरली. उतरायचं, पायाखालच्या फळीखालची बॅटरी चाचपायची, तारा घट्ट करायच्या, परत बसायचं, उजेड तेवढाच. प्रत्येक थांब्याला मामंजींचा आवाज चढत होता आणि वन्संचा उतरत होता. मला त्या उतरत्या आवाजाची भीती वाटत होती. तिचा हात गार पडत चालला होता. काशीमावशी तिच्या पोटावर एरंडेल चोळत होती आणि मला हळूच म्हणाली, “असं थांबत थांबत गेलो तर पोचलो तरी उपेग न्हाई.”

आणि तेव्हाच मला, का कोण जाणे, त्या वाट्या आठवल्या. दिवे पूर्वी पांढरे असायचे. पोळ्याच्या आधी आम्ही एकदा रात्री सेनगावहून आलो होतो तेव्हा रस्त्यावरचा ससा लांबून दिसला होता. आता उजेड पिवळा होता, अगदी मी घासलेल्या पितळेसारखा पिवळा. मी स्वतःला सांगितलं, छे, भांडं घासल्यानं कुठं उजेड जातो का? स्वच्छ केल्यानं वाढेलच की! पण मनाला पटेना.

एवढ्यात पुढून ‘सुंई’ असा आवाज आला आणि खळ्ळकन डावा दिवा फुटला. ज्वारीत माळ्यावर बसलेल्या राखणदारानं गोफण मारली होती. त्याचं तरी काय चुकलं? काहीतरी घुरघुर करून राहिलं आणि नावाला उजेड नाही, म्हणजे रानडुकरंच म्हणायची! मामंजींनी मोठ्यानं आपली सगळी नावं, गाव आणि जमिनीचा नंबर सांगितला. राखणदारानं दुसरा दगड मारला नाही, एवढीच त्याची माफी. तो काही खाली उतरला नाही.

यासीनचाचा आणि मामंजी उतरून बघायला गेले. काच गेली होती, आतली वाटी उघडी पडली होती. मामंजींनी काडी ओढली, वाटीत बघितलं आणि काडी बोटाला चटका देईपर्यंत तशीच धरून ठेवली.

“यासीन,” ते म्हणाले, “ह्याच्यावर चांदीचा मुलामा होता. तो कुठं गेला?”

यासीनचाचांनी वाटीवरून बोट फिरवलं. “मालक, हे तर खरवडून काढलंय कुणीतरी.”

“कुणीतरी? दिवे तूच उघडले आन तूच हिंगोलीला गेला व्हतास. माझी चांदी इकून आलास. माझी पोरगी तिकडं मरून राहिली...” त्यांना रडायला येत होतं. मग ते म्हणाले, हिंगोलीला पोचलो की मी तुला कोतवालीत देतो.

आठ महिन्यांत पहिल्यांदा यासीनचाचा ‘जी मालक’ म्हणाले नाहीत. दुसरी काडी पेटली तेव्हा मला त्यांचा चेहरा दिसला. मग ती काडीही विझली.

मला सगळ्याची भीती वाटत होती. अंधाराची, गोफणीची, मामंजींची, आणि सासूबाईंची तर साखऱ्यापासून इथवर पोचेल एवढी. सून सासऱ्यापुढं बोलत नसे त्या काळी. आठ महिन्यांत मी मामंजींशी ‘चहा’ आणि ‘पाणी’ हे दोनच शब्द बोलले होते. पण वन्संच्या गार हातातून मी माझा हात सोडवला, खाली उतरले, पदर कपाळापर्यंत ओढला आणि मोटारीच्या चाकाकडं बघत म्हणाले, “मामंजी, ते मी घासलं.”

“काय घासलं?”

“ती अभिषेकपात्रं.”

मामंजींना अर्थातच काही कळलं नाही. मग मला सगळं सांगावं लागलं. राख, चिंच, शेंडी, विटकर, कल्हई, नमः शिवाय. बोलता बोलता मी रडायला लागले आणि रडता रडता सासूबाई ‘बराबर झालं’ म्हणाल्या होत्या तेही सांगून टाकलं. आणि मग मागच्या बाजूनं आवाज आला. वन्सं हसत होती. कळा देत होती आणि हसत होती. “वैनी,” ती म्हणाली, “मेले तर हसूनच मरीन गं आता.”

मामंजींनी अंधारात यासीनचाचांचा हात शोधला. “यासीन, माझं चुकलं,” म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य सासूबाईंनीसुद्धा कधी ऐकलेलं नव्हतं.

यासीनचाचा लगेच कामाला लागले. आता बॅटरीला दोष नाही म्हणजे थांबायचं काम नाही, ते म्हणाले. उजव्या दिव्याच्या वाटीला आतून काहीतरी चकचकीत पांढरं लावलं तरी भागेल. पांढरं चकचकीत कुठून आणायचं? माझ्या पायातल्या जोडव्यांपर्यंत सगळ्याचा विचार झाला. मग ते जरा घुटमळले आणि अगदी अदबीनं म्हणाले, “मालक, चांदीचा कागद हाय की तुमच्यापाशी. आतल्या खिशात.”

मामंजी खोकले. आमच्या घरात तंबाखूचं नाव काढायची बंदी होती. बिडी ओढली म्हणून मामंजींनी सख्ख्या मेव्हण्याला जेवणावरून उठवलं होतं! आता त्यांनी आतल्या खिशातून सिगारेटचं पाकीट काढलं. मग दुसऱ्या खिशातून दुसरं काढलं. मग यासीनचाचा नुसतेच उभे राहिले, तेव्हा कोटाच्या अस्तरातून तिसरं निघालं. तीन पाकिटांतले चांदीचे कागद काशीमावशीच्या एरंडेलानं वाटीला चिकटवले. दिवा लावला आणि खरंच, पंधरा पावलं रस्ता दिसायला लागला. पुढची सगळी वाट तापलेल्या एरंडेलाचा वास येत राहिला. त्या वासानं मला मळमळत होतं, पण मोटार एकदाही थांबली नाही.

थांबली ती कयाधूच्या काठावर. हिंगोलीचे दिवे पलीकडं दिसत होते आणि मध्ये नदीचा उतार. पाणी गुडघ्यापर्यंत, दोन्ही बाजूंना डोह, आणि पाण्यावर तो एरंडेली उजेड पडला की नुसताच पसरत होता. मोटार वाटेवरून ढळली तर सगळेच गेलो असतो. पुढं चालून वाट दाखवायला कुणीतरी हवं होतं. यासीनचाचांना चाक सोडता येईना, काशीमावशीला वन्संना सोडता येईना, मामंजींचे गुडघे त्यांना सपाट अंगणातही नीट नेत नव्हते. राहिलं कोण?

मामंजींचं पांढरं उपरणं पाठीवर बांधून मी पाण्यात उतरले. उजेडात ते उपरणं तेवढं दिसेल आणि त्यामागून मोटार येईल, असं ठरलं. मला पोहता येत नव्हतं. पायाखाली काय सरकलं ते मी विचारलं नाही, कारण सांगणारं कुणी नव्हतं. मागं मोटार घुरघुरत होती, पुढं पाणी काळं होतं आणि मी मोठमोठ्यानं नागनाथाला सांगत होते की बाबा, तुझं भांडं समजूनच घासलं होतं, एवढं लक्षात ठेव. मधोमध पाणी मांडीला लागलं तेव्हा मी उभीच राहिले. पाऊलच उचलेना. मागून वन्संनी हाक मारली, “वैनी, चाल गं.” मग चालले.

पहाटे मुलगी झाली. पायाळू, पण ठणठणीत. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, दोघी सुखरूप आहेत. मामंजी व्हरांड्यात खाली बसले आणि यासीनचाचांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. मग डोळे पुसून मला हळूच म्हणाले, घरी आपण बॅटरी उतरली एवढंच सांगू. मी मान हलवली. आम्ही दोघांनीही तो शब्द पाळला. सासूबाईंना शेवटपर्यंत ना दिव्यांचं कळलं, ना सिगारेटींचं.

मान हलवली आणि तिथंच मी कोसळले. रात्रभर ओल्या लुगड्यात राहून अंगात ताप भरला होता. डॉक्टरीणबाईंनी मला उचलून वन्संच्या शेजारच्या खाटेवर टाकलं. तिसऱ्या दिवशी मामंजींच्या हिंगोलीच्या चुलतबहिणी बाळंतिणीला बघायला आल्या. त्यांनी वन्संना लहानपणानंतर पाहिलेलं नव्हतं. वन्सं उठून बसून, वेणी घालून, खिडकीतून कुणाशी तरी गप्पा मारत होती, आणि मी पांढरीफटक पडून कण्हत होते. त्या थेट माझ्याकडं आल्या. एकीनं माझ्या कपाळावरून हात फिरवला, दुसरी म्हणाली, किती सोसलं गं पोरीनं, आणि तिसरीनं बाळंतिणीचे डिंकाचे लाडू डब्यासकट माझ्या उशाशी ठेवले.

खरं सांगायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तोवर पहिला लाडू तोंडात गेला होता.